जुन्या फायबरच्या शिडाच्या होडीचा रंग जुळवताना

होडी विकत घेतली तेव्हा आधीच्या मालकांनी कागदांच्या पिशवीत रंगाच्या डब्याचं एक झाकणही दिलं होतं. त्यावर आरएएल या युरोपीय शेडकार्डातला नंबर होता, आरएएल ९०१०, म्हणजे शुद्ध पांढरा. मला वाटलं, काम सोपं झालं. ऑटो पेंटच्या दुकानातून त्याच नंबरचा रंग मिसळून आणला, नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या दुरुस्तीवर लावला आणि दहा पावलं मागे जाऊन बघितलं. साईवर दूध सांडावं तसा डाग दिसत होता. दुकानदाराने दिलेला रंग नंबराप्रमाणे अगदी खरा होता. होडी मात्र त्या नंबरापासून चाळीस वर्षं दूर आली होती.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे. जुळवायचा रंग डब्याच्या झाकणावर किंवा शेडकार्डावर नसतो, तो आज होडीच्या अंगावर असतो. तो शोधायचा, मोकळ्या आभाळाच्या उजेडात बघायचा, आणि नवा रंग कुठे थांबवायचा ते आधीच ठरवायचं. यातल्या शेवटच्या गोष्टीला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. माझ्या मते निम्मं यश तिच्यातच आहे.

आधी होडी स्वच्छ करा

जेलकोट म्हणजे फायबरच्या होडीवरचा रंगीत रेझिनचा सगळ्यात बाहेरचा थर. उन्हाने पिठाळलेल्या जेलकोटचा रंग हा त्याचा खरा रंग नव्हे. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते ती वरच्या थरातलं रेझिन उन्हाने तुटल्यामुळे सुटलेली. निळी किंवा लाल होडी या भुकटीमुळे फिकट दिसते. पांढरी होडी पिवळट होते, कारण पॉलिएस्टर रेझिन अतिनील किरणांनी पिवळं पडतं. त्यात आपल्याकडे कोकणात जांभ्याची तांबडी धूळ आहे. ती पिठाळलेल्या पृष्ठभागात अशी मुरते, की पांढऱ्याला किंचित गुलाबी झाक येते आणि तीच आपण रंग समजून जुळवत बसतो.

म्हणून आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा. मग साबण. खाडीत नांगरलेल्या होडीला पाणरेषेशी तपकिरी पट्टा धरतो, आणि क्लीट (दोर बांधायची खुंटी) व स्टॅंचन (कठड्याचे खांब) यांच्या खाली गंजाचे ओघळ येतात. या दोन्हींवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं. हातमोजे घालून लावा, थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर मेण आणि सिलिकॉन. जुन्या होडीवर वर्षानुवर्षं पॉलिश चढलेलं असतं. ते घासण्याआधीच काढायचं, नाहीतर पेपर ते मेण ओरखड्यांत दाबून बसवतो आणि पुढे रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात. दोन फडकी घ्या. एक सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं, एक कोरडं. भिजलेल्याने हातभर जागा पुसायची आणि ती ओली असतानाच कोरड्याने उचलायची. फडकी सारखी बदलत राहा. शेवटी पाणी शिंपडून बघा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर जागा स्वच्छ आहे, थेंब थेंब झाले तर पुन्हा पुसा.

मग बाजूवर तळहाताएवढी एक जागा निवडा. १००० नंबरचा वॉटर पेपर, त्यानंतर १५०० आणि २०००, मग कंपाउंड आणि पॉलिश. ही चकचकीत खिडकी म्हणजे तुमच्या होडीचा आजचा रंग. यापुढे प्रत्येक नमुना याच खिडकीशेजारी धरायचा. जेलकोटचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि कोपऱ्यांवर त्याहून पातळ, म्हणून खिडकी सपाट जागीच काढा.

हेच करताना अंगावर जेलकोट आहे की मधल्या काळात कुणी रंग मारला आहे, तेही कळतं. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा. रंग चिकट होऊन फडक्यावर आला तर तो एकाच घटकाचा एनॅमल. काहीच आलं नाही तर जेलकोट किंवा पीयू, म्हणजे रंग आणि हार्डनर अशा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. या दोघांतला फरक एखाद्या टवक्याच्या कडेला दिसतो. जेलकोट हा थेट काचेच्या तंतूंच्या मॅटवर बसलेला एकच जाड थर असतो. रंगाखाली प्रायमरची वेगळी रेघ असते.

मूळ रंग कुठे लपलेला असतो

एखादं क्लीट, होकायंत्राची बैठक किंवा नावाची पाटी उघडा. लॉकरच्या झाकणाची आतली बाजू बघा. ऊन न लागलेला रंग तिथे सापडतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा थक्क व्हाल, कारण ज्या पांढऱ्याला तुम्ही इतकी वर्षं पांढरा म्हणत होता, तो त्याच्याशेजारी मलईसारखा दिसतो. माझ्या होडीच्या डेकवर मी फिकट राखाडी समजत होतो तो भाग मुळात हिरवट होता.

हा मूळ रंग बघून मोह होतो की हाच आणायचा. आणाही, पण तो फक्त अख्खी होडी किंवा अख्खा भाग रंगवणार असाल तरच. ठिगळ लावायचं असेल तर मूळ रंगाचा उपयोग नाही. तिथे खिडकीतला आजचा रंगच जुळवायचा.

थांबायचं कुठे

सपाट बाजूच्या मधोमध दोन रंग शेजारी आले तर डोळा अगदी बारीक फरकही पकडतो. तेच दोन रंग एखाद्या कोपऱ्याच्या दोन अंगांना असले, किंवा त्यांच्यामध्ये बोटभर रुंद गडद पट्टा असला, तर तिप्पट फरकही कुणाच्या लक्षात येत नाही. कोपऱ्यावर उजेडच बदलतो, त्यामुळे फरक रंगाचा की उजेडाचा हे डोळ्याला सांगता येत नाही.

म्हणून रंग लावण्याआधी होडीभोवती एक फेरी मारा आणि नैसर्गिक सीमा शोधा. पाणरेषेवरचा पट्टा ही एक. बाजू आणि डेक जिथे जुळतात तिथली रबराची किंवा लाकडाची पट्टी ही दुसरी. ट्रान्समचा, म्हणजे मागच्या उभ्या फळीचा कोपरा ही तिसरी. कॉकपिटच्या कडा, केबिनच्या भिंती आणि छताचा सांधा, खडबडीत डेकची कड, अशा आणखी असतात. दुरुस्ती हातभर असली तरी रंग सीमेपासून सीमेपर्यंत न्यायला तयार राहा. ट्रान्समवर वीतभर ओरखडा असेल तर मी सरळ अख्खा ट्रान्सम रंगवतो. दोन दिवस जास्त लागतात, पण पुढची पाच वर्षं तिथे नजर अडत नाही.

सीमा नसेल तर करताही येते. बाजूच्या वरच्या कडेने नाळेपासून मागेपर्यंत एक सलग गडद पट्टा काढला की वरचा रंग आणि खालचा रंग वेगळे झाले. मात्र पट्टा होडीच्या वळणाशी समांतर गेला पाहिजे. तो आधी मास्किंग टेपने काढून लांबून बघा, धक्क्यावरून बघा, पाण्यातून बघा.

जेलकोट की पीयू

छोट्या ठिगळाला जेलकोट, मोठ्या भागाला पीयू. कारण रंगापेक्षा चकाकीचं आणि वयाचं आहे. पीयूची चकाकी वेगळी असते आणि तो जेलकोटसारखा पिठाळत नाही. आज बरोबर जुळलेलं पीयूचं ठिगळ तीन वर्षांनी आजूबाजूच्या फिकटलेल्या जेलकोटमध्ये उठून दिसतं. जेलकोटचं ठिगळ जेलकोटसोबत म्हातारं होतं आणि दोन्ही एकत्र पॉलिश करता येतात. उलट पूर्ण बाजूला हाताने जेलकोट लावून तो सपाट घासून काढणं हे फार मोठं काम आहे, ते करू नये.

उजेड

दुसऱ्या वर्षी मी ठिगळाचा जेलकोट निळ्या ताडपत्रीखाली जुळवला. आडोसा तेवढाच होता, ऊन टाळायचं होतं. ताडपत्रीखाली नमुना आणि होडी तंतोतंत एक दिसत होती. ताडपत्री काढली आणि ठिगळ गुलाबी दिसायला लागलं. निळ्या ताडपत्रीतून येणाऱ्या उजेडात तांबडा भाग नावालाच असतो, म्हणून रेड ऑक्साइडचे जे दोन थेंब जास्त पडले होते ते मला दिसलेच नाहीत.

कोकणात असे फसवे उजेड पावलोपावली आहेत. माडाखाली आणि आंब्याखाली हिरवट उजेड असतो. जांभ्याच्या गडग्याशेजारी तांबूस परावर्तन येतं. पिवळ्या प्लास्टिकचा शेड, ट्यूबलाइट, अगदी तुमच्या अंगातला लाल टी-शर्टसुद्धा चकचकीत बाजूवर आपला रंग सांडतो. रंग जुळवायच्या दिवशी पांढरा किंवा राखाडी सदरा घालायचा, हे मी नियमाने पाळतो.

चांगला उजेड म्हणजे मोकळ्या आभाळाखालची सावली. उत्तरेकडे तोंड असलेली बाजू, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. तिथे जुळलं की तोच नमुना भर उन्हात बघा, मग संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात, आणि होडीवर रात्री दिवे असतील तर त्यांच्याखालीही. एका उजेडात जुळून दुसऱ्यात फुटणाऱ्या जोड्या असतात. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून केलेले असले की असं होतं. यावर उपाय एकच. मूळ रंगात जी रंगद्रव्यं असण्याची शक्यता आहे त्यांच्यातूनच शेड बनवायची. पांढऱ्याला टायटॅनियम डायऑक्साइड, पिवळट छटेला यलो ऑक्साइड, मळकट छटेला तपकिरी ऑक्साइड. झगझगीत लिंबू पिवळा वापरून मलई रंग आणायला जाऊ नका.

आणखी एक युक्ती. राखाडी पुठ्ठ्याला शेजारी शेजारी दोन सारखी भोकं पाडा, एकातून होडीची खिडकी दिसेल आणि एकातून नमुना. भोवतालचं निळं पाणी, हिरवी झाडं झाकली गेली की डोळा नेमकं सांगतो. पाच सेकंद बघायचं आणि नजर राखाडीवर न्यायची. टक लावून बघत राहिलात तर डोळा थकतो आणि फरक पुसतो.

मशीनची मदत किती घ्यावी

ऑटो पेंटच्या मोठ्या दुकानात रंग मोजणारं यंत्र असतं. त्याच्यासाठी होडी नेता येत नाही, पण लॉकरचं झाकण नेता येतं. झाकणाचा सपाट भाग आधी पॉलिश करून न्या. पिठाळलेला, खडबडीत किंवा वळणदार भाग मोजला तर आकडे चुकतात. शिवाय झाकण आणि बाजू एकाच रंगाची आहेत का तेही बघा. डेक आणि हल (होडीचं खालचं मुख्य अंग) वेगवेगळ्या साच्यांतून निघतात आणि त्यांचं जेलकोट अनेकदा निराळं असतं.

यंत्र रंग तीन आकड्यांत सांगतं. उजळ की गडद, लालसर की हिरवट, पिवळट की निळसर. दोन रंगांमधलं एकूण अंतर साधारण १ च्या आत आलं तर बहुतेकांना फरक दिसत नाही. मी यंत्राच्या सूत्राने मूळ मिश्रण करून घेतो आणि शेवटचा हात डोळ्याने देतो. शेडकार्डाचा उपयोग याहून कमी, पण जवळचा बेस निवडायला ते बरं पडतं. जुन्या पांढऱ्यासाठी आरएएल ९०१० ऐवजी ९००१ हा क्रीम जवळचा वाटू शकतो. आपल्या आयएस ५ या भारतीय मानकाच्या कार्डात राखाडी छटा चांगल्या आहेत, उदाहरणार्थ ६३१ लाइट ग्रे आणि ६३२ डार्क ॲडमिरल्टी ग्रे.

शेड मिसळणं

लागणारं सामान साधं आहे. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, कागदी कप, लाकडी काड्या, ड्रॉपर, एक वही. जेलकोटला पॉलिएस्टरची पिगमेंट पेस्ट, पीयूला त्याच कंपनीचे त्या रंगाला चालणारे टिंटर. घराच्या भिंतीच्या रंगात टाकतात ते स्टेनर इथे चालत नाहीत. त्यांतलं पाणी आणि ग्लायकॉल पीयूच्या हार्डनरशी अभिक्रिया करतं आणि रंग नीट पिकत नाही, म्हणजे कडक होत नाही.

पहिलं, अर्धा बेस बाजूला झाकून ठेवा. हा तुमचा परतीचा रस्ता. शेड गडद झाली तर त्यातून पांढरा घालता येतो. गडद रंगात पांढरा ओतून फिकट करायला गेलं तर बादलीभर रंग होतो, म्हणून नेहमी फिकटात गडद घालायचा.

दुसरं, काळा सरळ घालू नका. २०० ग्रॅम पांढऱ्यात काळ्याचा एक थेंबही जास्त होऊ शकतो. एक भाग काळा आणि दहा भाग पांढरा असं आधी राखाडी करून ठेवा आणि तो थेंबाथेंबाने वापरा. पांढऱ्यात काळा घातला की नुसता राखाडी होत नाही, निळसर राखाडी होतो. जुन्या मलई छटेत तो निळा लगेच खुपतो. म्हणून मळकटपणा आणायला मी काळ्याच्या आधी तपकिरी ऑक्साइड घेतो.

तिसरं, स्वतःला एका वेळी एकच प्रश्न विचारा. नमुना खिडकीपेक्षा उजळ आहे की गडद? ते आधी जुळवा. मग पिवळट की निळसर? मग लालसर की हिरवट? तिन्ही एकदम सुधारायला गेलात तर कप भरत जातो आणि रंग चिखलासारखा होतो. यलो ऑक्साइड थोडं जास्त झालं की काळ्यासोबत हिरवट झाक येते, ती रेड ऑक्साइडच्या अगदी सुईच्या टोकाएवढ्या भागाने मरते. निळ्या होडीला हिशेब वेगळा. बहुतेक निळ्यांत थॅलो नावाचं निळं रंगद्रव्य असतं आणि ते फार जोरकस आहे, तिथे राखाडीसारखंच पांढऱ्यात मोडून घेतलेला निळा वापरा.

प्रत्येक भर घातल्यावर वजन वहीत लिहा आणि कपाच्या तळापासून, कडा खरवडत पूर्ण ढवळा. माझ्या वहीत एका शेडच्या चौदा ओळी आहेत. त्यातल्या नऊ चुकीच्या होत्या, पण त्या लिहिल्या म्हणून पुढच्या वर्षी तीच शेड अर्ध्या तासात झाली.

जेलकोटची झटपट तपासणी अशी. जेलकोट पिकवणारा कॅटलिस्ट न घालता एक ठिपका पॉलिश केलेल्या खिडकीवरच लावा, बघा, पुसून टाका. खिडकीही पाण्याने ओली करून घ्या म्हणजे चकाकी सारखी होते. याने जवळ येता येतं. निकाल मात्र पिकलेल्या नमुन्यावरच द्यायचा, कारण ओला आणि पिकलेला रंग एक नसतो. जेलकोटमध्ये कोबाल्ट, म्हणजे पिकण्याचा वेग वाढवणारं द्रावण, वेगळं घालायचं असेल तर नमुन्यातही मोजून तेवढंच घाला. कोबाल्ट जांभळं असतं आणि पांढऱ्यावर त्याची छाया येते. इथे एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. कोबाल्ट आणि एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) हा कॅटलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट जेलकोटमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटलिस्ट. आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. एमईकेपीचा एक शिंतोडा दृष्टी घालवू शकतो.

नमुना होडीवर

फायबरच्या जुन्या तुकड्यावर अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा करून त्यावर नमुना लावा. जितक्या हातांनी काळा-पांढरा फरक दिसेनासा होतो तितके हात होडीवर लागणार. पिवळा आणि लाल झाकायला कमजोर, त्यांना खालचा प्रायमर त्याच छटेकडे झुकणारा ठेवा. फिकट रंगाखाली पांढरा प्रायमर, गडद निळ्याखाली राखाडी. प्रायमर बदलला की शेड बदलते, हे विसरून अनेकांची जुळलेली शेड होडीवर फसते.

मग तोच रंग होडीवर, पुढे झाकल्या जाणाऱ्या जागी लावा, क्लीटच्या खाली किंवा रबरी पट्टीच्या मागे. पीयू आठवडाभर पिकू द्या. जेलकोट दुसऱ्या दिवशी घासून पॉलिश करून बघा, कारण घासण्याआधीचा आणि पॉलिशनंतरचा रंग वेगळा दिसतो. धक्क्यावरच्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, पण रंग कुठे लावलाय ते सांगू नका. आमच्या इथे होड्यांवर नावं रंगवणारे एक काका आहेत. त्यांना मी फक्त म्हणतो, ‘काका, यात काय खटकतं?’ त्यांनी बोट ठेवलं नाही तरच मी पुढे जातो.

किती रंग करायचा

एकदाच आणि पुरेसा. दुसऱ्यांदा केलेली शेड कधीच तंतोतंत तीच येत नाही. २४ फुटी होडीची लांबी ७.३ मीटर, पाण्यावरची उंची सरासरी ०.८ मीटर धरली तर दोन्ही बाजू मिळून साधारण १२ चौरस मीटर होतात. एका लिटरमध्ये १० चौरस मीटर धरून तीन हातांना साडेतीन लिटर लागतो. वर वाया जाणारा आणि पुढच्या दुरुस्तीचा मिळून सव्वाचार लिटर करा. कव्हरेजचा नेमका आकडा तुमच्या डब्यावर असेल, तोच धरा. डबे दोन असतील तर आधी सगळे एका बादलीत एकत्र ढवळा आणि मग परत भरा. हार्डनर मात्र त्या त्या वेळी लागेल तेवढ्यातच.

दव, मीठ आणि वारा

पावसाळा आणि ऑक्टोबरचा दमट उकाडा सोडून द्या. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा आपला काळ. त्यातही दिवस आखावा लागतो, कारण थंडीतलं दव पहाटे होडीच्या अंगावरून अक्षरशः निथळतं. दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली हवा आणि होडीचं अंग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवं. दवबिंदूचा अंदाज सोपा आहे. १०० मधून दमटपणा वजा करा, ५ ने भागा आणि तेवढे अंश हवेच्या तापमानातून काढा. हवा २६ अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल तर दवबिंदू २२, म्हणजे होडीचं अंग २५ च्या वर गेल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो. तो कोरडा असतो, पण रस्ता जवळ असेल तर जांभ्याची धूळ आणतो. आदल्या संध्याकाळी भोवतालची जमीन पाण्याने भिजवा. दुपारच्या सुमारास खारा वारा उलटतो आणि मिठाचा बारीक फवारा बाजूवर बसतो. दोन हातांमध्ये रात्र गेली तर पुन्हा गोड्या पाण्याने पुसून, सुकवूनच पुढे जा. मी दव सुकल्यावर साधारण साडेनऊला सुरू करतो आणि बाराच्या आत ब्रश ठेवतो. त्यामुळे रंगाला रात्रीच्या दवाआधी पाच-सहा तास मिळतात. ओलसर पीयूवर दव पडलं तर चकाकी मरते आणि त्याबरोबर शेडही मळकट दिसते. ऊन थेट पडणारी बाजू टाळा, होडी फिरवता येत नसेल तर सावलीच्या बाजूपासून सुरुवात करा.

लावणं

जेलकोटच्या ठिगळाला खड्डा ८० ते १२० नंबरने उतरता घासा, ॲसिटोनने पुसा, कडेला टेप लावा. कॅटलिस्ट १ ते २ टक्के, आपल्या उन्हाळी दुपारी १ च्या जवळ. त्याखाली जाऊ नका, नाहीतर जेलकोट कच्चा राहतो आणि लवकर पिवळा पडतो. खड्डा किंचित उंच भरा. साधा जेलकोट हवेत वरून चिकटच राहतो, म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक हळुवार दाबून बसवा. दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्यावर ३२०, मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० आणि शेवटी कंपाउंड. बोटांनी घासलं की खोलगट होतं आणि त्या खोलगट जागेत उजेड वेगळा पडतो. बरोबर शेडचं ठिगळ त्यामुळेच उठून दिसतं.

पीयूसाठी अंग ३२० पर्यंत घासा, मॅट उघडा पडला असेल तिथे इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, तो पुन्हा ३२० ने. दोघे जण लागतात. एकाने फोमच्या रोलरने हातभर पट्टा लावायचा, दुसऱ्याने लगेच चांगल्या ब्रशचं फक्त टोक त्यावरून न्यायचं. उष्ण दिवसाला सावकाश उडणारा थिनर घ्या, नाहीतर मागची कड सुकते आणि जोड दिसतो. पुढचा हात डब्यावर दिलेल्या वेळेतच द्या, वेळ उलटली तर घासून. गनने पीयू मारायचा असेल तर हवा पुरवणारा मास्क लागतो. हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा फवारा फुप्फुसात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. रोलरनेही कार्ट्रिजचा मास्क घालूनच करा. आणि जुना रंग घासताना ओला घासा, त्या काळच्या पिवळ्या-लाल रंगांत शिसं असू शकतं.

डेकची गोष्ट थोडी निराळी. खडबडीत पोत स्वतःच्याच सावल्या पाडतो, त्यामुळे तीच शेड गुळगुळीत भागापेक्षा गडद दिसते. नमुनाही खडबडीतच करा आणि उभं राहून, पायाच्या अंतरावरून बघा. आपल्या उन्हात डेकला गडद रंग नको. पाय पोळतात, आणि गडद बाजूवर गरमीने काचेच्या मॅटची नक्षी वर उमटते.

काम झाल्यावर

दोन छोट्या पाट्या त्याच रंगाने रंगवा. एक कपाटात अंधारात ठेवा, एक होडीवर उन्हात बांधा. दोन वर्षांनी दुरुस्ती निघाली तर दोन्ही शेजारी ठेवून रंग किती सरकला ते दिसतं, आणि कुठे किती यलो ऑक्साइड वाढवायचं ते वहीतल्या वजनांवरून ठरवता येतं. वहीत वजनांसोबत पेस्टचं नाव, बॅच, प्रायमरचा रंग आणि कुठल्या सीमेपर्यंत काम केलं तेही लिहा.

उरलेला रंग काचेच्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी राहील. हार्डनरचा डबा एकदा उघडला की आपल्या दमट हवेत तो टिकत नाही, हवेतल्या पाण्याने दाटतो आणि वर साय धरतो. म्हणून हार्डनरचे मोठे डबे घेऊ नका, दुरुस्तीसाठी लहान, न उघडलेला डबा जवळ ठेवा. झाकणाखाली तारीख लिहा. पावसाळ्याआधी एकदा हलवून बघा, आत घट्ट लागला तर ऑक्टोबरची वाट न बघता नवा मागवा.